नोटीस वाडीपर्यंत, म्हणणं इतिवृत्तापर्यंत: जनसुनावणीसाठी गावाची संपर्कव्यवस्था

कोकणात बंदर, खाण, वीज प्रकल्प, रासायनिक कारखाना असं काही मोठं यायचं असलं की पर्यावरण मंजुरीआधी बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते. तिची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात दिली आहे. प्रकल्पाबद्दल सरकारसमोर बोलायचं आणि बोललेलं अधिकृत कागदावर चढवायचं, यासाठी गावकऱ्याला कायद्याने दिलेली ही जवळजवळ एकमेव जागा. (अधिसूचित औद्योगिक वसाहतींतल्या काही प्रकल्पांना आणि काही वर्गांना सूट आहे, ते आधी तपासा.)

ही संधी हुकते ती दर वेळी कुणी तोंड दाबलं म्हणून नाही. जाहिरात पेपरात येते, पण तो पेपर वाडीत येत नाही. प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल पीडीएफमध्ये असतो आणि घरात रेंज नसते. सुनावणीची तारीख कळते ती मुंबईच्या भाच्याकडून, आदल्या रात्री. राज्यघटनेचं कलम १९(१)(क) सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) आणि खाडीकाठच्या माणसाला सारखंच लागू आहे, टॉवर मात्र सड्यावर आहे. म्हणून प्रकल्पाच्या बाजूचे असा की विरोधातले, तयारी संपर्कापासून सुरू करा. पुढचं सगळं नोटीस येण्याच्या आधी करायचं. नोटिशीनंतरच्या तीस दिवसांत ते उरकत नाही.

निरोपाचा नकाशा

ग्रामपंचायतीतून गावाचा वाडीवार नकाशा घ्या. त्यावर तीन रंगांनी खुणा करा: घरात बसून फोन लागतो ती घरं, फक्त अंगणात किंवा पाणंदीवर लागतो ती, आणि अजिबात लागत नाही ती. डेटाची खूण वेगळी करा, कारण बोलणं होतं तिथे पीडीएफ उतरतेच असं नाही. ही पाहणी दोनदा करा. एकदा वीज असताना, आणि एकदा वीज जाऊन सात-आठ तास झाल्यावर. टॉवरची बॅटरी काही तास पुरते, पुढे डिझेल कुणी भरलं तरच तो चालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात आधी वीज गेली आणि तिच्यामागून फोनही कित्येक दिवस गेले.

इथे एक चूक हमखास होते. दोन कंपन्यांची सिम आहेत म्हणजे दोन रस्ते झाले, असं धरलं जातं. कंपन्या एकच टॉवर वाटून घेतात. तो पडला की दोन्ही सिम एकदम गप्प होतात. दुसरा रस्ता म्हणजे ज्याला तो टॉवर, ती वीज, तो माणूस लागत नाही असा रस्ता. वाडीत तो बहुधा पायीच असतो.

प्रत्येक वाडीत निरोप पोचवणारी दोन माणसं ठरवा. दोघं एका घरातली नकोत, आणि एक तरी बाई हवी. पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलाबरोबर कामावर जातो. त्यामुळे ग्रुपवर टाकलेला निरोप घरातल्या बायकांना रात्री कळतो, तोही कळला तर. ज्या घरात फोनच नाही त्याची यादी त्या दोघांकडे कागदावर असू द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा, गप्पांना दुसरा ग्रुप काढा. एक निरोप पाच ओळींचा: काय, कुठे, कधी, कुणी कळवलं, काय करायचं. सोबत मूळ कागदाचा फोटो, आणि वाचायला जड जातं त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजात. ॲडमिन व्हायला लोक बिचकतात. ग्रुपमधल्या दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ खाली पोस्टवरून अटका व्हायच्या, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. तरी अफवा, धार्मिक चिथावणी, कुणाची बदनामी यांसाठी बाकीची कलमं शाबूत आहेत. खात्री नसलेलं पुढे ढकलू नका.

गावच्या मुंबई मंडळाला, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेला, एक काम नेमून द्या. दर सोमवारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचा जनसुनावणीचा विभाग आणि केंद्राचं पर्यावरण मंजुऱ्यांचं परिवेश पोर्टल उघडून तालुक्याचं नाव शोधायचं. चाकरमान्यांना नेट आहे, त्यांच्यासाठी हे दहा मिनिटांचं काम. पण बघायचं काम मुंबई मंडळाचं आणि ठरवायचं गावाचं, ही वाटणी पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. नाहीतर दादरच्या हॉलमध्ये झालेला ठराव गावाचा म्हणून फिरतो आणि गावकीत भांडण लागतं.

नोटीस पकडणं

नियम असा: प्रदूषण मंडळाचे सदस्य सचिव एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात देतात. लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत. अहवाल कुठे बघायला मिळेल ते जाहिरातीतच लिहिलेलं असतं. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटून आणि रेडिओ-टीव्हीवरून कळवावं, असंही परिशिष्टात आहे. दवंडी हा शब्द जुनाट वाटला तरी तो तुमच्या हातातला सर्वांत धारदार मुद्दा आहे. वाडीत पेपर येत नसेल तर तसं ग्रामपंचायतीच्या पत्राने, वाड्यांची नावं घालून, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण मंडळ दोघांना आधीच कळवून ठेवा आणि पोच घ्या. मग दवंडी झाली नाही तर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं त्यांना म्हणता येत नाही.

जाहिरात दिसली की पेपरचं पूर्ण पान ठेवा, नुसतं कात्रण नको. तारीख पानाच्या माथ्यावर असते. त्या तारखेपासून सुनावणीपर्यंतचे दिवस मोजा. तीसपेक्षा कमी भरले तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. एकदा जाहीर झालेली तारीख, वेळ, जागा अचानक बदलता येत नाही. अनपेक्षित आणीबाणीची परिस्थिती असेल आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शिफारस केली तरच, आणि तो बदल त्याच दैनिकांत छापावा लागतो. 'पुढे ढकलली म्हणे' असा फॉरवर्ड आला तर छापील जाहिरात मागा. ती नसेल तर ठरल्या दिवशी जा.

अहवाल वाडीत आणणं

मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत इथे कार्यालयीन वेळेत, सुनावणी संपेपर्यंत बघायला मिळाला पाहिजे. त्याचा सारांश इंग्रजीबरोबर मराठीतही लागतो. पूर्ण अहवाल बहुतेक वेळा इंग्रजीतच असतो, कित्येक शे पानांचा. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये झाली. तेव्हा मराठी मजकूर उशिरा आणि अपुरा मिळाल्याची तक्रार मुख्य तक्रारींपैकी होती, आणि मंजुरी त्याच वर्षी नोव्हेंबरात मिळाली. उशीर झाला तर त्याची नोंद त्या आठवड्यातच झाली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत अहवाल कोणत्या तारखेला आला ते पाहा आणि त्या पानाचा फोटो काढा.

पीडीएफ मुंबईत उतरवून, पेनड्राइव्हवर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली तर ते वाईट नाही. पण पुढच्या प्रत्येक कागदासाठी कोण येतंय याची वाट बघायची नसेल तर वाडीला जोडणी लागते. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत फायबर आलेली असेल आणि वाडी समोरच्या उतारावर एक-दोन किलोमीटरवर असेल, तर ५ गिगाहर्ट्झच्या दोन वायफाय रेडिओंनी ती ओढता येते. ५.८ गिगाहर्ट्झचा हा पट्टा ऑक्टोबर २०१८ पासून ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. यंत्रावर सरकारी मान्यतेचा क्रमांक आहे ना, ते विकत घेताना पाहा. पैसे घेऊन इतरांना वायफायवर इंटरनेट द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेतून जा. त्यात दुकानदारासारख्या छोट्या केंद्रालाही परवाना लागत नाही.

उभारणीत नडतात ती झाडं. समोरचं घर डोळ्यांना दिसलं म्हणजे लिंक लागेल असं नाही. लहरीला दोन टोकांच्या मध्ये फुगीर जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर, तीन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर नजरेच्या रेषेपासून सगळीकडे साधारण पावणेचार मीटर मोकळं हवं. एक किलोमीटरला दोन मीटरच्या वर. माडाच्या झावळ्या या जागेत आल्या की उन्हाळ्यात लिंक बरी चालते आणि मृगात पडते. पावसाला शिव्या बसतात, पण इतक्या अंतरावर पाऊस फारसं काही करत नाही. भिजलेली पानं करतात. म्हणून रेडिओ बसवायची जागा एप्रिलात ठरवली तरी वाढणाऱ्या आंब्या-फणसाची उंची धरून ठरवा. खाडी ओलांडायची असेल तर आणखी एक गंमत आहे: पाण्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला मारते, आणि पाण्याची पातळी बदलली की हे गणितही बदलतं. भरतीला तुटते आणि ओहोटीला आपोआप जुळते अशी लिंक दिसली तर यंत्र बदलू नका. एका टोकाची उंची एक-दीड मीटरने खाली-वर करून पाहा.

सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास किंवा त्याहून बरा येईपर्यंत दोन्ही रेडिओंची तोंडं जुळवा. उणे ७५ च्या खाली गेला तर पावसाळा निघत नाही. केबलला रेडिओच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळेल आणि सॉकेटात शिरणार नाही. समुद्रापासून जवळ असाल तर क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे घ्या, साध्या पट्ट्या दोन पावसांत गंजून जातात. अर्थिंग ही कोकणातली खरी डोकेदुखी. कातळावरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, त्यात एक सळी ठोकून काही होत नाही. दोन-तीन सळ्या, मध्ये अंतर ठेवून, बेंटोनाइट माती भरलेल्या खड्ड्यांत घाला आणि एकमेकींना जोडा. तरीही वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की वीज आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

विजेचा हिशेब सोपा आहे. रेडिओ आणि राउटर मिळून १६ वॉट धरले तर दिवसाला ३८४ वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तर ६०० वॉट-तास देते, म्हणजे साधारण दीड दिवस. वादळाची सूचना आली की ती आदल्या दिवशी भरून ठेवा आणि रेडिओ-राउटर दिवसातून ठरलेले दोन तासच लावा. आठवडा निघतो.

वाडीतल्या राउटरला एक जुना लॅपटॉप किंवा छोटा संगणक जोडून त्यावर अहवाल, सारांश, नोटीस, ठराव ठेवा. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी वाडीतलं वायफाय चालू असतं, आणि हे कागद फोनवर उघडत राहतात.

काही वस्तू मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. मोबाइल सिग्नलचा खाजगी बूस्टर बेकायदा आहे आणि शेजारच्या टॉवरला त्रास देतो. थुराया, इरिडियमसारखे सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं हाही गुन्हा, मग परदेशातल्या जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने कितीही प्रेमाने आणलेला असो. वॉकी-टॉकी चालेल, पण ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या मुक्त पट्ट्यातला, अर्ध्या वॉटचा, मान्यता क्रमांक असलेलाच. सड्यावर तो किलोमीटर-दोन किलोमीटर जातो, डोंगराआड वळलं की संपला.

नेट बंद केलं तर

वादळाने गेलेलं नेट आणि आदेशाने गेलेलं नेट यात फरक करायला शिका. वादळात एकेक टॉवर वेगवेगळ्या वेळी पडतो, कॉलही जातात. आदेशात सगळ्या कंपन्यांचा मोबाइल डेटा एकदम, नेमक्या वेळी जातो आणि कॉल-एसएमएस बहुधा चालू राहतात. पुष्कळदा फायबरही चालू असते. वरच्या लिंकचा इथेही उपयोग होतो.

बंद करायचा अधिकार तहसीलदाराला किंवा ठाण्याच्या निरीक्षकाला नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या नियमांप्रमाणे आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लागतो. तातडीत त्यांनी अधिकार दिलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी काढू शकतो, पण गृह सचिवांनी २४ तासांत शिक्कामोर्तब केलं नाही तर तो आदेश गळून पडतो. आदेशात कारण, भाग आणि मुदत हवी, तो प्रसिद्ध करायला हवा, मुदत १५ दिवसांच्या वर नको. पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा असतो. आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे आणि बेमुदत बंदी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं.

त्यामुळे नेट गेल्या क्षणी तीन गोष्टी लिहून ठेवा: वेळ, कोणत्या कंपन्या, काय चालू आहे. मग जिल्हाधिकारी कार्यालयात आदेशाची प्रत मागणारा साधा अर्ज द्या आणि स्थळप्रतीवर शिक्का घ्या. प्रत मिळाली नाही तर गृह विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा: १० रुपये, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. ३० दिवसांत उत्तर नसेल तर पहिलं अपील, पुढे राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. जमावबंदी वेगळी. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली दंडाधिकारी काढतात. तिची प्रत तालुक्याला मिळते, आणि ती मागे घ्यावी असा अर्ज त्यांच्याकडेच करता येतो. सुनावणीच्या जागेभोवती जमावबंदी असेल तर 'सुनावणीला जाणाऱ्यांना सूट आहे का' हे लेखी विचारा. तोंडी 'जा की, कोण अडवतंय' यावर विसंबू नका.

नेटशिवाय चालणाऱ्या ॲपवर सगळा भरवसा टाकू नका. ब्लूटूथवर चालणारं ब्रायर मे २०२३ मध्ये केंद्राने बंद केलेल्या १४ ॲपमध्ये होतं. साधी एसएमएसची साखळी बरी: एकाने पाचांना, त्या प्रत्येकाने आपल्या पाचांना, आणि शेवटच्याने पहिल्याला 'पोचलं'. शिमग्यात किंवा गणपतीत, गाव भरलेला असताना, डेटा बंद ठेवून एकदा तालीम घ्या. कुठल्या वाडीत साखळी तुटते ते तेव्हाच कळतं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर चालायचा. ते जागा बदलत राहिले, तरी १२ नोव्हेंबरच्या धाडीत पकडले गेले आणि प्रक्षेपण थांबलं. यंत्र हेरलं की काम संपतं. साखळीतला मधला कुणी आजारी पडला तरी निरोप पुढे गेला पाहिजे, म्हणून प्रत्येकाला निरोप देणारी दोन नावं असू द्या.

सुनावणीच्या आधीची ग्रामसभा

सात दिवसांची नोटीस, गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या. तहकूब होऊन परत भरली तर गणपूर्ती लागत नाही. ठरावाने मंजुरी आपोआप अडत नाही, पण तो नोंदीत जातो. महिलांची सभा आधी घ्या.

त्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो, सोबत प्रदूषण मंडळाचा अधिकारी. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असं धरता येतं. बहिष्कार हा राजकीय निर्णय आहे, तो घ्यायचा तर घ्या, पण लेखी म्हणणं त्याआधी पाठवून द्या. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचा अधिकार आहे.

बोलणं तीन मिनिटांत बसवा आणि त्याचा कागद हातात ठेवा. 'आमचा विरोध आहे' एवढंच बोललं तर इतिवृत्तात 'काहींनी विरोध केला' एवढंच उतरतं. 'सारांशाच्या अमुक पानावर खाडीत मासेमारी नाही असं लिहिलंय, आमच्या सोसायटीच्या इतक्या होड्या तिथे जातात, ही यादी' असं बोललं की ते मुद्दा म्हणून येतं आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. कागद बोलून झाल्यावर टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नाकारली तर माइकवरच सांगा की प्रत दिली आणि पोच मिळाली नाही.

संपूर्ण कामकाजाचं सरकारी चित्रीकरण बंधनकारक आहे. तरी आपलंही करा, दोन फोनवर, सभागृहाच्या दोन बाजूंनी. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, तारखेची आतली माहितीही जाते. पुढे न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) लागतं, आणि ते मूळ फाइलवरूनच काढलेलं बरं.

मुंबईकरांनी त्या दिवशी यायलाच हवं असं नाही. लोकसल्लामसलतीचे दोन भाग आहेत: जागेवरची सुनावणी आणि हितसंबंध असलेल्या इतरांची लेखी मतं. त्यांनी आपापल्या शब्दांत, जमिनीचा सातबारा किंवा घराचा उतारा जोडून, स्पीड पोस्टने पाठवावं. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स एकच मत म्हणून गणल्या जाण्याची भीती असते.

सगळं झाल्यावर उठून जाऊ नका. कामकाजाचा सारांश शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. आपला मुद्दा गाळला गेला असेल तर तो तेव्हाच, सही व्हायच्या आत सांगा. शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून अर्धं गाव याच वेळी निघतं. परतीच्या टेम्पोची सोय आधी करून ठेवा.

नंतर इतिवृत्त ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण मंडळाच्या संकेतस्थळावर लावलं जातं. आपल्या चित्रीकरणाशी ताडून पाहा आणि फरक असेल तर थेट मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला कळवा, त्याला मुभा आहे. मंजुरी मिळाली तर कंपनीने ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठात अपील करायला त्यानंतर ३० दिवस असतात, सबळ कारण दिलं तर आणखी ६०. मुंबई मंडळाच्या सोमवारच्या यादीत परिवेशवरचं मंजुऱ्यांचं पान घालून ठेवा, आणि मंजुरीची जाहिरात आलेला पेपरही पूर्ण पानासकट, तारखेसह ठेवा.